प्रतिमा, परिसर आणि संघर्ष एकाच ओळीत कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा: कवितेतल्या प्रतिमा ओळखता येतात, कथेचं स्थळ आणि काळ सांगता येतो, संघर्षाचे प्रकार पाठ आहेत. तरीही रसग्रहण लिहायला घेतलं की उत्तराची यादी होते आणि आशय निसटतो. असं का होतं, आणि वाचावं कसं?

या तिन्ही गोष्टी तीन कप्प्यांत शोधल्या जातात, म्हणून असं होतं. पाठ्यपुस्तकं शिकवण्याच्या सोयीसाठी कप्पे करतात, परीक्षेतले प्रश्नही तसेच येतात. पण लिहिणारा कप्प्यांत लिहीत नाही. चांगल्या मजकुरात प्रतिमा एखाद्या परिसरातून उचललेली असते, आणि ती नेमकी तिथूनच का उचलली याचं कारण संघर्षात असतं. म्हणून एका वेळी एक ओळ घ्यावी आणि तिन्ही प्रश्न तिलाच विचारावेत: काय दिसतं, ते कुठलं आहे, आणि इथे कोण कोणाच्या आड येतंय.

बहिणाबाई चौधरींच्या या ओळी सगळ्यांना पाठ असतात:

मन वढाय वढाय, उभ्या पीकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर

नेहमीचं उत्तर असतं, ‘मनाला ढोराची उपमा दिली आहे, त्यातून मनाची चंचलता दिसते.’ हे खोटं नाही, पण ते कवितेच्या उंबरठ्यावरच थांबतं. आता ओळीला प्रश्न विचारू. ढोर कुठे आहे? उभ्या पिकात. गोठ्यात नाही, गायरानातही नाही. तेच ढोर माळावर चरत असतं तर त्याला कुणी हाकललंही नसतं. उभं पीक म्हणजे नांगरणी, पेरणी, निंदणी सगळं करून झालंय आणि धान्य अजून घरात आलेलं नाही. नुकसान सर्वांत जास्त होईल असा हंगामातला काळ. ढोराचा प्रत्येक घास काही महिन्यांच्या कष्टातून जातो. म्हणजे ‘उभ्या पीकातलं’ या दोन शब्दांनी परिसर उभा केला, काळ सांगितला आणि हरलो तर काय जाणार तेही सांगितलं. पुढे ‘हाकला हाकला’ म्हणताच ढोरामागे धावणारा माणूस दिसतो, आणि ‘फिरी येतं’ म्हणताच त्याची हार दिसते. शिवाय ढोर हे काही शत्रू नव्हे. ते दावणीचंच असतं, भुकेलं असतं. झगडा आपल्याच माणसाशी चाललाय. चंचलता हा शब्द यातलं काहीच सांगत नाही.

कवितेचा पुढचा प्रवास पाहा. मोकाट वाटा, पाण्यावरच्या लाटा, वारा. मग विंचू-साप, आणि त्यांच्यापेक्षाही जहरी मन, कारण त्यांच्या विषाला निदान उतारे-मंत्र असतात. मग भुईवरून आभाळात जाणारं पाखरू, मग वीज, मग खसखशीच्या दाण्याएवढं आणि तरी आभाळात न मावणारं मन. ढोराला निदान काठीनं हाकलता येत होतं. वाऱ्याला हाकलता येत नाही, विजेपुढे तर माणूस काहीच करू शकत नाही. प्रतिमा बदलत गेल्या तसा हाकलणारा माणूस कवितेतून नाहीसा झाला. शेवटी उरतो तो देवाला विचारलेला प्रश्न: जागेपणी तुला हे असलं स्वप्न पडलं तरी कसं? सुरुवातीचा झगडा माणूस आणि त्याचं मन यांच्यातला. शेवटचा माणूस आणि ते मन घडवणारा यांच्यातला. प्रतिमांची यादी करून हे सापडत नाही, त्यांचा क्रम पाहावा लागतो. रसग्रहणात सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते या क्रमाकडेच.

आता पद्धत. आठ-दहा ओळींची कविता किंवा कथेतला पंधरा-वीस ओळींचा उतारा घ्या. पहिलं वाचन मोठ्यानं करा आणि हातात पेन्सिल घेऊ नका. दुसऱ्या वाचनात फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा. बहुतेक जण विशेषणांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. विशेषणं रंग सांगतात, पण कोण हलतंय, कोण थांबलंय, कोण कोणावर काय करतंय हे क्रियापदं सांगतात, आणि संघर्षाचा पहिला माग तिथेच लागतो. तिसऱ्या वाचनात स्थळ-काळाचे शब्द आणि इंद्रियांचे शब्द खुणा करून वेगळे काढा: दिसणारं, ऐकू येणारं, वासाचं, चवीचं, स्पर्शाचं. कुठल्या इंद्रियाचं काहीच आलेलं नाही तेही समासात लिहून ठेवा. जे नाही ते पुष्कळदा उपयोगी पडतं.

खुणा झाल्या की दोन कसोट्या लावा. पहिली, काढून पाहा: ही प्रतिमा किंवा हा स्थळाचा तपशील गाळला तर अर्थ बिघडतो का? दुसरी, बदलून पाहा: उभ्या पिकाच्या जागी मोकळा माळ ठेवला तर काय होतं? काही बिघडत नसेल तर तो तपशील सजावटीचा आहे, त्यावर शब्द खर्चू नका. बिघडत असेल तर नेमकं काय बिघडलं ते एका वाक्यात लिहा. तेच वाक्य तुमच्या उत्तराचा कणा होतं.

बालकवींच्या ‘औदुंबर’वर ही पद्धत वापरून बघू. कविता आठच ओळींची:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

क्रियापदं घ्या: वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. झरा वाहतो, पायवाट चालते, काळिमा पसरतो. बसतो फक्त औदुंबर. आठ ओळींत थांबलेला तो एकटाच. पायवाटेला चाल आहे आणि झाडाला पाय आहेत, पण पाय असलेला बसून राहिलाय आणि वाट चालत त्याच्याजवळच्या डोहाकडे आलीय.

आता रंग. हिरवा तीनदा येतो: हिरवाळी, हिरवी गर्दी, हिरवी कुरणं. निळासावळा एकदा, पांढरा एकदा, आणि काळा शेवटच्या तीन ओळींत दोनदा. ‘निळासावळा’मध्ये गडदपणाची पहिली छटा दुसऱ्याच ओळीत येऊन गेलेली आहे. पांढरी पायवाट हिरव्यातून निघून काळ्यात जाते. नजरेला उजेडातून अंधाराकडे नेण्याचं काम ती करते. तिला सरळ न काढता ‘अडवीतिडवी’ टाकलंय, म्हणून नजर रेंगाळत जाते. ही ओळ काढून पाहा. गाव आणि डोह दोन्ही उरतील, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध उरणार नाही, आणि कविता दोन चित्रांत फुटेल.

इंद्रियांच्या बाजूनं पाहिलं तर ऐकू येणाऱ्या एकाही गोष्टीचं नाव कवितेत नाही. झरा आहे, पण खळखळ नाही. गाव आहे, पण हाक नाही. सगळं डोळ्यांसाठी आहे. फक्त शेवटच्या ओळीत जळात टाकलेल्या पायांचा गारवा येतो, आणि ‘गोड काळिमा’मध्ये चवीची पुसट चाहूल लागते. गावात चार घरं आहेत, शेतमळे आहेत, वापरातली पायवाट आहे. माणूस एकही नाही. मग माणसाची बसण्याची ढब झाडाला मिळते.

‘या कवितेत संघर्ष नाही, हे निसर्गवर्णन आहे’, असं उत्तर इथे पुष्कळदा मिळतं. संघर्ष म्हणजे भांडण असं धरलं की असंच होणार. इथे ताण आहे तो गती आणि स्थिरता यांच्यातला, उजेड आणि काळोख यांच्यातला, आणि तो ‘गोड काळिमा’ या जोडीत एकवटला आहे. काळोख भीतीचा असतो ही वाचकाची सवय. कवी त्याला गोड म्हणतो. तो काळोख टाळण्याचा की जवळ करण्याचा, हे कविता ठरवून देत नाही. औदुंबर मात्र त्यात पाय सोडून बसला आहे. ‘असला’ हा शब्द बोट दाखवणारा आहे: असा, हा असला. कवी दाखवतो आणि बाजूला होतो.

या कवितेवर दोन चुका हमखास होतात. एक, पहिल्याच वाक्यात ‘औदुंबर हे विरक्त योग्याचं प्रतीक आहे’ असं लिहून टाकणं. हा अर्थ चुकीचा नाही. औदुंबर दत्तसंप्रदायाचा वृक्ष आहे आणि बसण्याची ढबही त्या अर्थाला पोषक आहे. पण तो अर्थ झाडाच्या नावावरून आयता घेतला तर बाकीच्या सात ओळी वाया जातात. प्रतीकापर्यंत पायऱ्यांनी जा: आधी दिसणारं झाड, मग त्याचं थांबणं, मग त्या थांबण्याचा भोवतालच्या चालण्याशी असलेला विरोध, आणि त्यानंतर योगी. दुसरी चूक चरित्राची. बालकवी 1918 साली, अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास, जळगावजवळ भादली स्थानकापाशी रेल्वेखाली सापडून गेले. हे वाचलं की विद्यार्थ्याला काळ्या डोहात मृत्यूची चाहूल दिसू लागते. अपघाताची छाया त्याच्या आधी लिहिलेल्या ओळींवर पाडू नये. डोह काळा का, याचं उत्तर हिरव्या-पांढऱ्या-काळ्याच्या क्रमातच पूर्ण मिळतं.

परिसराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथली ‘वातावरणनिर्मिती उत्तम साधली आहे’ ही ओळ सर्वांत पोकळ असते. कसलं वातावरण? कोणाला पोषक, कोणाला मारक? संस्कृत काव्यशास्त्रानं परिसराला उद्दीपन विभावात जागा दिली: चांदणं, उपवन, वसंत हे नायक-नायिकेच्या मनातला भाव चेतवतात. ही कल्पना नाटकात आणि भावकवितेत आजही उपयोगी आहे. पण तिच्यात परिसराचं स्थान मदतनिसाचं आहे. परिसर स्वतःच कथेतला पक्ष होतो तेव्हा ती अपुरी पडते.

परिसर किती काम करू शकतो याचा जुना आणि अगदी आपल्या मातीतला नमुना हालाच्या गाथासप्तशतीत आहे. महाराष्ट्री प्राकृतातली ही दोन ओळींची गाथा. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनानं नवव्या शतकात ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात ती उदाहरण म्हणून घेतली. अर्थ असा: ‘धार्मिका, आता निर्धास्त हिंड; ते कुत्रं आज त्यानं मारलं, गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या मस्तवाल सिंहानं.’ बोलणारी स्त्री आहे. गोदाकाठची ती झाडी तिची प्रियकराला भेटण्याची जागा आहे, आणि हा धार्मिक माणूस तिथे फिरकू लागलाय. कुत्र्याला तो भीत होता. आता कुत्रं गेलं म्हणून ती त्याला निर्धास्त व्हायला सांगते आणि त्याच श्वासात सिंहाचा पत्ता देते.

गाथेत झगड्याचा उच्चारही नाही. उघड बोलणं परवानगीचं, आतला अर्थ मनाईचा. हा अर्थ कळतो तो फक्त जागेमुळे: झाडी, ती नदीकाठची, सिंह तिथलाच रहिवासी. बदलून पाहा. सिंह दूरच्या डोंगरातला केला तर सल्ला खरोखरच सल्ला होईल आणि गाथा संपेल. कोणाला काय हवंय? तिला एकांत हवाय. आड कोण येतंय? एक भला माणूस, ज्याला ती उघडपणे हाकलू शकत नाही. हरली तर काय जाईल? भेटीची जागा, आणि गुपित फुटलं तर अब्रूही. ध्वनी, व्यंजना वगैरे न बोलता सुचवलेल्या अर्थाच्या संज्ञा यानंतर लिहा. आधी लिहिल्या तर त्या नुसत्या चिकटवल्यासारख्या वाटतात.

कादंबरीत परिसर थरांनी वाचावा लागतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली पुस्तकरूपानं आली; तिचं स्थळ माणदेशातली धनगरांची वाडी. ‘ग्रामीण वातावरणाचं प्रभावी चित्रण’ एवढ्यावर थांबू नका. पहिला थर जमिनीचा आणि पावसाचा: कमी पावसाचा मुलूख, माळरान. दुसरा थर पोटापाण्याचा: मेंढरं, आणि मेंढरांमागे फिरणारी माणसं. पोरं शाळेत का येत नाहीत याचं उत्तर या थरात आहे, आळसात किंवा अडाणीपणात नाही. मेंढरामागे गेलेलं पोर घराला हातभार लावतं, शाळेत बसलेलं लावत नाही. तिसरा थर सत्तेचा आणि काळाचा: औंध संस्थान, म्हणजे 1948 मध्ये विलीन होण्याआधीचे दिवस. तरुण मास्तर संस्थानचा नोकर म्हणून वाडीत येतो, आणि वाडीत शब्द चालतो तो कारभाऱ्याचा. चौथा थर बोलीचा: मास्तर निवेदन करतो ती भाषा आणि वाडी बोलते ती भाषा यांतलं अंतर.

थर लावले की संघर्ष आपोआप वर येतो. सुरुवातीला झगडा मास्तर आणि वाडी यांच्यातला वाटतो: परका माणूस, रिकामी शाळा. मग मास्तर हळूहळू लोकांच्या कामात गुंततो, वाडी त्याला आपलं मानू लागते, तालीम उभी राहते, तिच्यासाठी राजेसाहेब येतात. इथवर वाचणाऱ्याला वाटतं झगडा मिटला, माणसांनी जिंकलं. आणि मग दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडतात. ज्या पक्षाशी खरी गाठ होती तो पहिल्या पानापासून मागे उभा होता. आपण त्याला देखावा समजत होतो. या पक्षाला चेहरा नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला दोषही देता येत नाही. मास्तरची मेहनत, कारभाऱ्याचा अधिकार, राजाची भेट, काहीच तिथे चालत नाही. तालमीचं बांधकाम त्या आधी आलं म्हणून दुष्काळ इतका जड जातो. हे दोन प्रसंग उलट्या क्रमानं आले असते तर ती सावरणाऱ्या गावाची कथा झाली असती.

यातून वाचायची एक सवय घ्या. कथेच्या पहिल्या दोन-तीन पानांत हवा, जमीन, दार, वाट, पाणी, इमारत यांचे जे तपशील येतात ते वहीच्या कोपऱ्यात टिपून ठेवा आणि शेवट वाचून झाल्यावर परत या. चांगल्या कृतीत त्यांतला एखादा तरी शेवटी निर्णायक ठरलेला सापडतो.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या 1967 मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकात तो तपशील दाराच्या कडीचा आहे. मुंबईची हौशी नाटकमंडळी प्रयोगासाठी एका गावी येतात. सभागृहात सर्वांत आधी येतात ती लीला बेणारे आणि स्थानिक सामंत. दाराच्या कडीत बेणारेचं बोट चेमटतं, आणि कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून लागतं नि माणूस आत अडकतो हे सामंत सांगतो. पहिल्यांदा पाहताना हा हलकाफुलका प्रसंग वाटतो. पुढे वेळ घालवायला म्हणून सामंताला कोर्टाची पद्धत दाखवण्यासाठी खोटा खटला सुरू होतो, बेणारेला आरोपी केलं जातं, आणि खेळता खेळता तिचं खरं खासगी आयुष्य साक्षीपुराव्यांत ओढलं जातं. ती जायला निघते तेव्हा दार उघडत नाही. सुरुवातीला बोटाला लागलेली कडी आता सगळ्या आयुष्याला लागलेली असते.

इथे परिसर दुहेरी आहे. खरं स्थळ सभागृह. त्यावर चढवलेलं खोटं स्थळ न्यायालय. संघर्ष या दोन स्थळांच्या फटीत घडतो. बेणारे ‘हा खेळ आहे’ या बाजूला उभी राहू पाहते, बाकीचे गरज पडेल तसे खेळातून खऱ्यात आणि खऱ्यातून खेळात उड्या मारतात. खुर्च्या, पिंजरा, शपथ, ‘शांतता!’ची आरोळी या कोर्टाच्या वस्तूंनी त्यांना एक अधिकार मिळतो जो त्यांच्या रोजच्या आयुष्यात नाही. मंडळींतला वकील अयशस्वी आहे, वैज्ञानिक म्हणवणारा परीक्षेत नापास झालेला आहे. ज्याला खरं तर उत्तर द्यायला लागावं तो, बेणारेच्या पोटातल्या मुलाचा बाप प्राध्यापक दामले, नाटकभर गैरहजर. त्या रिकाम्या जागेची नोंद न करता या नाटकातला संघर्ष मांडता येत नाही.

‘व्यक्ती विरुद्ध समाज’ असा शेरा या नाटकावर सर्रास मारतात. शेरा बरोबर आहे आणि जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तो शेकडो कृतींना चालतो. संघर्ष लिहिताना त्याचं पूर्ण वाक्य करा. वाक्यात चार गोष्टी हव्यात: कोणाला काय हवंय, काय आड येतंय, हरल्यास काय जातं, आणि पारडं कुठे फिरतं. या नाटकासाठी ते असं होईल: बेणारेला आपलं मूल आणि आपली नोकरी राखून स्वतःच्या मर्जीनं जगायचंय, स्वतःच्या अपयशांचं उट्टं काढायला बसलेली मंडळी खोट्या कोर्टाचा अधिकार वापरून तिला अडवतात, हरली तर मूल, नोकरी आणि बोलण्याचा हक्क तिन्ही जातात, आणि खेळातला आरोप तिच्या खऱ्या आयुष्याला जाऊन भिडतो तिथे पारडं फिरतं. आता निकालाकडे बघा. खटला भ्रूणहत्येच्या आरोपाचा होता, आणि शिक्षा म्हणून न्यायाधीश सांगतो की तिच्या पोटातलं मूल नष्ट करावं. जो गुन्हा म्हणून आरोपीला उभं केलं, तोच करण्याचा हुकूम. पूर्ण वाक्य लिहिलेल्या विद्यार्थ्याला ही विसंगती दिसते. शेरा मारणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते.

आता लेखन. दोनशे शब्दांच्या उत्तरात दोनच प्रतिमा घ्या, तीन नकोत. प्रत्येकीला सहा-सात वाक्यं द्या: ओळ उद्धृत करा, ती कुठल्या परिसरातून आली ते सांगा, काढून किंवा बदलून काय बिघडतं ते दाखवा, मग संघर्षाशी जोडा. सुरुवात लेखकाच्या जन्मगावानं करू नका. ती संघर्षाच्या त्या पूर्ण वाक्यानं करा, म्हणजे पुढचे तपशील कशासाठी येतायत हे वाचणाऱ्याला आधीच कळतं. अलंकाराचं नाव लिहायचं असेल तर वाक्याच्या शेवटी ठेवा. ‘लेखकाने अतिशय सुंदर’, ‘हृदयस्पर्शी’, ‘डोळ्यांसमोर चित्र उभे राहते’ हे शब्द गाळा. चित्र उभं राहिलं असेल तर त्यात काय दिसलं ते लिहा. बोलीतली कृती असेल तर अनोळखी शब्दांचा अर्थ त्या भागातल्या माणसाला विचारा किंवा शब्दकोशात पाहा. ‘खाकस’ (खसखस) किंवा ‘आभाय’ (आभाळ) अंदाजानं वाचणाऱ्याला बहिणाबाईंच्या कवितेतला दाणा आणि आभाळ यांतला अफाट फरक दिसणार नाही, आणि मनाचं ‘एवढं’ आणि ‘केवढं’ दोन्ही हुकेल.

सरावासाठी तुकोबांचा एक अभंग घ्या. ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन ॥’ ही पहिली ओळ, आणि शेवट ‘तुका म्हणे तुझ्या नामाचिया बळें । अवघियांचें काळें केलें तोंड ॥’. आधी रणांगण कुठे आहे ते शोधा. काळ ‘रात्रंदिन’ म्हणून स्पष्ट सांगितलाय, म्हणजे लढाईला सुट्टी नाही. स्थळ मात्र ‘अंतर्बाह्य’ आहे, म्हणजे पळून जायला जागाही नाही. जग आणि मन हे दोघे एकाच पक्षात आहेत की दोन पक्षांत, हे ठरवायला ओळ तीन-चारदा म्हणून बघावी लागेल. मग शेवटची प्रतिमा घ्या. युद्ध म्हटल्यावर शत्रू मारला, पळवला असं काही अपेक्षित असतं. इथे शत्रूचं तोंड काळं होतं. ही शिक्षा रणांगणावरची नाही, गावातली आहे, चारचौघांसमोरची. सुरुवातीला फक्त ‘आम्हां’ला ठाऊक असलेली लढाई शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलेली आहे. हा बदल मधल्या ओळींत कुठे होतो, ते क्रियापदांखाली रेघा ओढून शोधा.